पस्तीस मिनिटांवरचा मल्हारी

"नाशिक, नाशिक... औरंगाबाद बोलतंय. आवाज येतोय का? ओव्हर."

चांगुणानं चहाचा कप तोंडाजवळून खाली घेतला. हा रोजचा आवाज नव्हता. रोज औरंगाबादहून एक वयस्क गृहस्थ बोलायचे आणि दोन खोकल्यांच्या मधे जेवढं मावेल तेवढं सांगायचे. हा आवाज तरणा होता. आणि त्याला कसली म्हणून घाई नव्हती.

साल शहाऐंशी. एकोणीस जणांचं एक छोटं विमान मुंबईहून नाशिकला यायचं, वीस मिनिटं थांबायचं आणि औरंगाबादला जायचं. दोन्हीकडे कंपनीचा एकेक बिनतारी संच होता. एकानं बटण दाबून बोलायचं, शेवटी 'ओव्हर' म्हणायचं, बटण सोडायचं, मग दुसऱ्यानं. मधे तोंड घालायची सोय नव्हती. भांडणाला अगदी गैरसोयीचं यंत्र.

"येतोय. बोला. ओव्हर."

"मी आजपासून इथं. आपलं नाव सांगता का? नोंद करायचीय. ओव्हर."

"चांगुणा पगारे. ओव्हर."

खरखरीतून आधी पेन चालल्याचा आवाज आला. मग, "...आजीचं का हो? ओव्हर."

चांगुणाची कानशिलं तापली. शाळेपासून हेच! "विमानाच्या कामात माझ्या आजीचा काय संबंध? ओव्हर."

"राग नका मानू. माझं नाव मल्हारी साळवे. आजोबांचं चिकटवलंय. वर्गात पाच सुनील, चार अनिल अन् मी एकटा मल्हारी. म्हटलं, जोडीला कुणीतरी भेटलं... ओव्हर."

तिनं बटण दाबलं, पण बोलायच्या आधीच तिला हसू फुटलं. ते हसू तसंच्या तसं औरंगाबादला गेलं. खिडकीशी बसलेल्या रावजीसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, तेव्हा कुठं तिनं बटणावरचं बोट काढलं.

तिथून सुरू झालं. काय सुरू झालं, हे विचारलं असतं तर दोघांनीही कानावर हात ठेवले असते. ती सांगायची, "निघालं दहा वाजून दहा. सतरा प्रवासी." तो म्हणायचा, "मिळालं. आज आवाज बसलाय का? आल्याचा काढा घ्या." रावजीसाहेब समोर, सामान चढवणारा सावळीराम दारात, सगळ्यांना सगळं ऐकू यायचं. त्यामुळे बोलायचं ते कामाचं आणि त्यात लपवायचं ते दुसरंच, ही कला चांगुणाला महिन्याभरात साधली. 'वारा कसा आहे?' ह्या प्रश्नात किती काय काय भरता येतं, हे ज्यानं कधी बिनतारी संचावर जीव लावला नाही त्याला कळायचं नाही.

दिवसातून दहा वेळा लोक फोन करून तिला विचारायचे, औरंगाबाद किती लांब हो? ती घडाघडा सांगायची— हवेतून एकशे पासष्ट किलोमीटर, पस्तीस मिनिटं. एसटीनं पाच तास, रस्त्यात काही मोडलं नाही तर. सांगताना तिला रोज वाटायचं, पस्तीस मिनिटं म्हणजे काय! नाशिक रोडहून शालिमारला बसनं पोचायला तेवढी लागतात. पण तिकीट तिच्या पगाराला न परवडणारं, आणि एसटीनं एकटी तिकडं जायला कारण काय सांगणार? आई यशोदाबाई दारातच अडवणार, वडील नाना नोटांच्या प्रेसमधून आल्यावर पुन्हा विचारणार. म्हणून सहा महिने झाले तरी तिनं मल्हारीला पाहिलं नव्हतं. उंच की बुटका, गोरा की काळा, काही माहीत नाही. आवाज तेवढा पाठ.

आणि अशात जानेवारीत विमल विधाते उगवली.

पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षांच्या व्यापाऱ्याची ही मुलगी औरंगाबादला मावशीकडे राहून एम.ए. करत होती. शुक्रवारी विमानानं घरी यायची, सोमवारी विमानानंच परत. मोकळे केस, डोळ्यांवर गॉगल, आणि ती आली की मागून सुगंध नव्हे, सुगंधाची वरातच यायची. स्वभावानं वाईट नव्हती, हीच तर पंचाईत होती.

छोट्या विमानात वजनाला फार महत्त्व. सामानाबरोबर माणसालाही काट्यावर उभं राहावं लागायचं. मात्र नेहमीच्या प्रवाशांचं वजन एकदाच करून रजिस्टरात नोंदवायचं आणि पुढे दर वेळी तोच आकडा धरायचा, अशी इथली पद्धत होती. मग सगळी यादी नावं आणि वजनांसकट संचावरून औरंगाबादला सांगायची.

विमल पहिल्यांदा काट्यावर उभी राहिली तेव्हा आरशात बघावं तशी काचेच्या दारात बघत होती. "अहो, तिकडे ते साळवे असतात ना?"

चांगुणाचं पेन थबकलं. "असतात. का?"

"किती गोड बोलतात हो! शुक्रवारी इकडे येताना माझी बॅग स्वतः रिक्षातून विमानापर्यंत आणून दिली. आणि हसले ना, की गालाला... जाऊ दे, तुम्हाला काय सांगायचं!"

गालाला? गालाला काय? चांगुणानं विचारलं नाही. विचारायची तिची हिंमत झाली नाही. सहा महिने जीव लावला आपण, आणि गाल बघितला तिनं! काट्याचा बाण एक्कावन्नावर थांबला होता. चांगुणानं तो नीट पाहिला, आणि रजिस्टरात स्वच्छ अक्षरात लिहिलं— पासष्ट.

आपण काय केलं हे तिला कळलं. खोडायला वेळही होता. पण तिनं खोडलं नाही. तासाभरानं संचासमोर बसून तिनं एकेक नाव वाचलं आणि त्या नावाशी येताच आवाज मुद्दाम जरा चढवला. "कुमारी विमल विधाते. पासष्ट किलो. ओव्हर."

"...पासष्ट? ओव्हर."

"पासष्ट. सहा आणि पाच. ओव्हर."

"मिळालं," एवढंच आलं तिकडून. त्या दिवशी चांगुणा घरी जाताना गुणगुणत होती. जास्तीच्या आकड्यानं विमानाला धोका नव्हता, फार तर जागा थोडी मोकळी राहणार, अशी तिनं मनाची समजूत घातली. पुढे दर सोमवारी हा कार्यक्रम झाला. बारा सोमवार. इतकं करून तिची जळजळ थांबली म्हणाल, तर तेही नाही. विमल दर शुक्रवारी नवीन काहीतरी घेऊन यायचीच. आज साळवेंनी चहा पाजला, आज साळवेंचा शर्ट निळा होता. चांगुणाला निळा रंगसुद्धा नकोसा झाला.

एप्रिलच्या एका गुरुवारी कामाचे निरोप संपल्यावर तो म्हणाला, "एक सांगायचं होतं... माझी बदली झाली. राजमहेंद्रीला. सोमवारी दुपारी साडेबाराची सिकंदराबादची गाडी. ओव्हर."

चांगुणानं बटण दाबलं आणि नुसतंच सोडलं. रावजीसाहेबांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

"नाशिक? ऐकलंत का? ओव्हर."

"ऐकलं. सोमवारी... विमान पावणेअकराला पोचतं. ओव्हर."

"हो. कोणकोण येतंय? ओव्हर."

"यादी सोमवारीच सांगते. ओव्हर."

कर्मचाऱ्यांना वर्षातून एक फुकट पास मिळायचा. चांगुणानं तो कधी मागितला नव्हता. तो मागायला ती उठली तेव्हा रावजीसाहेब वर्तमानपत्राआडूनच म्हणाले, "अर्ज टेबलावर ठेवलाय. सही करा. पण लक्षात असू द्या, पासवाल्यांना जागा आणि वजन उरलं तरच. त्याच विमानानं परत यायचं, तिथं ते पंचवीसच मिनिटं थांबतं."

पंचवीस तर पंचवीस. आईला तिनं सांगितलं, कंपनीच्या कामाला जाते. खोटं सांगायचा एव्हाना सराव झाला होता.

सोमवारी ती मोरपिशी साडी नेसून, पाव किलोही जास्त नको म्हणून बांगड्यासुद्धा काढून विमानतळावर हजर झाली. सकाळपासून हवा तापली होती. विमल आली होतीच, पांढऱ्याशुभ्र पंजाबी ड्रेसमध्ये. "अय्या, आज तुम्ही पण? मला कळलं साळवे चाललेत. म्हटलं, आज बोलूनच टाकावं... जे काय आहे ते." आणि ती लाजली. चांगुणाला धरणी फाटावी असं वाटलं, स्वतःसाठी नव्हे, विमलसाठी.

काउंटरवर आज रावजीसाहेब होते. त्यांनी दोनदा बेरीज केली, पेन्सिल कानाला लावली.

"उन्हात विमान कमी उचलतं, पगारे. वैमानिकानं आज आकडा खाली आणलाय. जागा आहे एक, पण वजन उरतं छत्तीस किलो. तुमचं?"

"सत्तेचाळीस," सावळीराम काट्यापाशी वाकून म्हणाला. "वाळकी काडी हाय साहेब, बसू द्या. लय जड नाय."

"छत्तीस म्हणजे छत्तीस. नाही जमत. सॉरी, पोरी."

चांगुणानं कागद आपल्याकडे वळवला. अठरा नावं. आणि नववं— विधाते, विमल, ६५. तिच्याच अक्षरातल्या रजिस्टरातून उतरवलेलं. चौदा किलो. जगात अस्तित्वात नसलेले, तिनं स्वतःच्या मत्सरातून घडवलेले चौदा किलो त्या विमानात तिच्या जागेवर ऐसपैस बसले होते.

"साहेब... नेहमीच्या लोकांचं वजन पुन्हा करू या का? आकडा चुकला असेल एखादा."

"रजिस्टर कोण लिहितं? तुम्ही. तुमचा आकडा चार वर्षांत कधी चुकलाय?" आणि ते एवढ्या विश्वासानं म्हणाले की चांगुणाला तिथंच रडू यायला झालं.

बाहेर विमानाला शिडी लागली. विमल पर्समधला छोटा आरसा काढून टिकली सारखी करत होती. गप्प राहिलं तर नोकरी शाबूत, अब्रू शाबूत. आणि मल्हारी साडेबाराच्या गाडीनं जाणार, ती टिकली बघून.

"चुकला नाही," चांगुणा म्हणाली. "मुद्दाम लिहिलाय. ह्यांचं वजन एक्कावन्न आहे. मी पासष्ट लिहिलं."

विमलनं आरसा खाली केला.

"पासष्ट? मी... पासष्ट?"

"हो."

"आणि हे तुम्ही तिकडे... सांगत होतात? त्यांना?"

"दर सोमवारी."

विमल आधी पांढरी पडली, मग कानापर्यंत लाल. रांगेतले एक गृहस्थ फिसकन हसले. विमलनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते खोकल्यावर गेले. मग तिनं चपला काढल्या, ओढणी चांगुणाच्या हातात कोंबली आणि स्वतः काट्यावर चढली. "सावळीराम, मोठ्यानं वाचा. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या!"

"एक्कावन्न! काटा हलत बी नाय."

रावजीसाहेबांनी पासष्ट खोडून एक्कावन्न लिहिलं. पेन्सिलीचं टोक मोडलं, इतकं दाबून. "छत्तीस आणि चौदा, पन्नास. बसा विमानात. आणि उद्या सकाळी ह्या सगळ्याचा लेखी खुलासा माझ्या टेबलावर. नोकरीचं काय ते मी त्यानंतर बघतो." मग वळून संचाकडे गेले. आजची यादी ते स्वतः सांगणार होते.

विमानाच्या शिडीशी विमल तिच्या कानाजवळ येऊन म्हणाली, "साळवेंसाठी केलंत ना? ठीक आहे. मग आता बघूच."

पहिल्यांदा आकाशात जात होती चांगुणा, पण तिनं आकाश कुठे बघितलं? पलीकडच्या सीटवर विमल बसली होती. विमलनं केस विंचरले. चांगुणानं रुमालानं मान पुसली. विमलनं ओठांवर काहीतरी गुलाबी फिरवलं. चांगुणाकडे फिरवायला काही नव्हतं, तिनं पदर सारखा केला. खाली गोदावरी, उसाचे हिरवे तुकडे, पत्र्याची चमकणारी छपरं सगळं निघून गेलं, आणि ती मनात एकच हिशेब करत होती— विमलला तो चेहऱ्यानं माहीत आहे. विमलला गालाचं माहीत आहे. आपल्याकडे काय, तर ओव्हर! रोज लोकांना हसत सांगितलेली ती पस्तीस मिनिटं इतकी लांबलचक असतील, असं तिला वाटलं नव्हतं.

दार उघडलं. विमल पहिली उतरली. खाली दोघं उभे होते. एक उंच, रुबाबदार, काळ्या चष्म्याचा. दुसरा मध्यम उंचीचा, सावळा, कान जरासे पुढे आलेला, हातात कागद लावलेली फळी. देवा, कुठला? विमल सरळ त्या कानवाल्याकडे गेली.

चांगुणा शिडीवरच थांबली. विमल बोलत होती, मान तिरकी करून. तो ऐकत होता. मग विमलनं पर्समधून निळं पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. तो काहीतरी म्हणाला आणि हसला. त्याच्या डाव्या गालाला खळी पडली. एवढंच ना ते गालाचं! एवढंच, पण चांगुणाच्या अंगाचा तिळपापड झाला. विमल मागे न बघता भराभर निघून गेली.

तो चालत शिडीपाशी आला. "चांगुणाबाई?"

तोच आवाज. ओळखीचा, घाई नसलेला. फक्त त्यात आता खरखर नव्हती, आणि त्यामुळे तो एकदम फार जवळ आला.

"काय दिलं तिनं?" आयुष्यातलं पहिलं समोरासमोरचं वाक्य, तर ते हे.

"पत्ता," तो म्हणाला. "पत्र लिहा म्हणाल्या. मी म्हटलं, लिहिणार नाही, माझं मन दुसरीकडे आहे. त्या म्हणाल्या, माहीत झालंय, तरी ठेवा. टाकून देणं बरं दिसेना."

"मग हसलात कशाला?"

"त्या म्हणाल्या, माझं खरं वजन तरी ऐकलंत ना आज?"

चांगुणानं मान खाली घातली. "ऐकलंत?"

"रावजीसाहेबांनी सांगितलं— चांगुणा पगारे, सत्तेचाळीस. विमल विधाते, दुरुस्ती, एक्कावन्न. माझ्या हातातला चहा सांडला बघा." त्यानं बाही दाखवली, खरंच डाग होता. "अहो, त्या मुलीला मी दर सोमवारी डोळ्यांनी बघतो. पासष्ट किलो कुठून आणायचे? मला पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही खरं सांगायला लागला असता." त्यानं डाग पडलेली बाही दुमडली. "बारा सोमवार मी त्या आकड्याची वाट बघायचो. कुणीतरी माझ्यापायी एवढं जळतंय... माझ्यासारख्याच्या वाट्याला असलं कधी आलं नव्हतं. चूक होती. माझीही. बोलायला हवं होतं."

"माझी नोकरी जाईल बहुतेक."

"मला ठाऊक आहे. मी पण लिहून देतो, मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो म्हणून."

"काही नको. एकाची गेली तर दुसऱ्याची तरी राहू दे. संसाराला लागेल." बोलून गेली आणि तिला आपलेच शब्द ऐकू आले. गाल, कान, मान, सगळं तापलं. पण आता बटण सोडून गप्प बसायची सोय नव्हती. "म्हणजे... मला कंटाळा आलाय हो, रोज कुणाच्या तरी नावानं जळायचा. राजमहेंद्रीला काउंटरवर कोण आहे ते तुम्हालाही माहीत नसेल. मी नाशिकला बसून तिची वजनं किती वाढवू? त्यापेक्षा लग्न करा माझ्याशी."

वारा पडलेला होता. सिमेंटवरून उन्हाच्या झळा उठत होत्या. मल्हारीच्या गालाला पुन्हा ती खळी पडली, ह्या खेपेला फक्त तिच्यासाठी.

"हे मी विचारणार होतो," तो म्हणाला. "तीन दिवस पाठ करतोय. तुमच्या नानांना रीतसर पत्र घालतो. माझी आई आणि मामा पुढच्या महिन्यात नाशिकला येतील. पत्ता सांगा."

त्यानं पेन काढलं, खिसे चाचपले. फळी तो येतानाच त्या काळ्या चष्मेवाल्याकडे देऊन आला होता. हाताला लागलं ते निळं पाकीट. त्यानं ते पालथं केलं आणि लिहायला पेन टेकवलं.

"त्याच्यावर नाही!"

"मग कशावर?"

चांगुणानं त्याच्या हातातलं पेन घेतलं. दुसऱ्या हातानं त्याचा हात धरला आणि तळवा उघडला. मागे वैमानिक हाका मारत होता, कुणीतरी शिडीवर टकटक करत होतं. तिनं लिहायला सुरुवात केली— वडिलांचं नाव, प्रेसची कॉलनी, चाळ, खोलीचा नंबर. तळव्याला घाम होता, अक्षरं फुटत होती, ती पुन्हा पुन्हा गिरवत होती.

"गाडीत बसेपर्यंत पुसेल," तो हळूच म्हणाला.

"पुसू देऊ नका. बाईंनो, लांब व्हा म्हणावं. हात धुवायचा नाही, कुणाला मिळवायचाही नाही."

"नाही मिळवणार."

मग ती पिन कोडवर आली. सहाच आकडे होते, पण ते लिहायला तिनं बराच वेळ लावला.